नको म्हणणाऱ्या पाहुण्यांचा खेळ

मी एकेकाळी कलावंत होतो. हे मी घरात कधी सांगत नाही, कारण घरात ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर सगळे पोटभर हसून घेऊन बसले आहेत. माझी कला कॉम्प्युटरवरच्या खेळांची होती. उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकापासून दोन गल्ल्या आत, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर ती साधारण सव्वा वर्ष चालली आणि मग थांबली. जगाला तिच्या थांबण्याचा काही त्रास झाल्याचं कानावर आलं नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता तो. घरोघर केबल आली होती, पानाच्या टपरीवर नव्या थंड पेयांच्या बाटल्या दिसायला लागल्या होत्या, आणि ज्यांच्या मुलाचा इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही ते त्याला 'कंप्यूटर'ला घालत होते. माझा नंबर दोनदा लागला नव्हता, त्यामुळे मी दुप्पट मन लावून कॉम्प्युटर शिकलो आणि ज्या क्लासात शिकलो तिथेच शिकवायला लागलो.

क्लासाचे मालक पूर्वी किरायाने सायकली द्यायचे. तासावर द्यायची वस्तू या दृष्टीने त्यांना सायकल आणि कॉम्प्युटर यांत फारसा फरक वाटत नसे. बोर्डावर स्वतःच्या नावापुढे त्यांनी डायरेक्टर लिहून घेतलं होतं, म्हणून आम्ही त्यांना सर म्हणायचो. चार मशीनं होती. सकाळी सात ते एक क्लास, दुपारी दोनपासून त्याच मशीनांवर व्हिडिओ गेम पार्लर. सकाळी चपला बाहेर काढून, हात पुसून, देवळात आल्यासारखी मुलं आत यायची. दुपारी दुसरी मुलं यायची आणि त्याच कीबोर्डावर बुक्के मारायची. चपला मात्र तीही बाहेरच काढायची, कारण धुळीपुढे सर कुणालाही सूट देत नसत.

मला शिकवण्याच्या बदल्यात एक ते दोन हा तास मिळायचा. त्या तासात एक मशीन माझं. एवढ्या वेळात बसून विचार करणं परवडत नाही, म्हणून आमच्याकडे शिस्त अशी होती की प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, वहीतच ओळ न् ओळ तपासायचा, आणि मगच मशीनला हात लावायचा. मी विद्यार्थ्यांकडून ही शिस्त इतक्या कडकपणे पाळून घ्यायचो की काही मुलं कोर्स संपेपर्यंत मशीनपर्यंत पोचलीच नाहीत.

दुपारचे खेळ पाहिले की माझ्या अंगाची लाही व्हायची. मोटारी पळताहेत, विमानं पडताहेत, कुणीतरी कुणाला तरी मारतंय आणि कोपऱ्यात आकडे वाढताहेत. मी दारात उभा राहून मान हलवायचो. मनात म्हणायचो, हे यंत्र माणसाच्या मनाचे सूक्ष्म तरंग दाखवू शकतं आणि ही पोरं त्यावर गोळ्या झाडत बसली आहेत. 'सूक्ष्म तरंग' हा माझा त्या वर्षीचा आवडता शब्द होता. आई मला भाजी आणायला सांगायची तेव्हाही मी तो एकदा वापरला होता.

त्याच वर्षी दादाचं लग्न झालं आणि वहिनी घरात आली. वहिनी धारची. बी.ए.ला चित्रकला विषय घेतलेली, हात असा की जेवताना बोलता बोलता पाटावर बोटाने मोर काढायची. दादा बँकेत होता आणि रोज रतलामला अप-डाउन करायचा. वहिनीचा दिवस जाईना म्हणून आईच म्हणाली, घरचाच मास्तर आहे, तर तूही शीक. अशी वहिनी माझ्या सकाळच्या बॅचला यायला लागली.

खेळाची कल्पना मला एका चुलत बहिणीच्या लग्नात सुचली. निदान मी सगळ्यांना तसं सांगायचो. पंगत बसली होती, माझ्याकडे जिलबीची परात दिली होती. नात्यातले एक मोठे गृहस्थ, ज्यांच्या शब्दाला आमच्याकडे मान होता, त्यांनी पानावर हात आडवा धरला आणि 'नको, नको' म्हणाले. मी 'बरं' म्हणालो आणि पुढे गेलो. आपल्याकडे असं कुणी करत नाही. ते गृहस्थ पुढे दीड वर्ष आमच्या घराची पायरी चढले नाहीत. त्या दिवशी माझ्या मागे मठ्ठा घेऊन वहिनी येत होती. पंगत उठल्यावर ती मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्यांची बोटं नाही पाहिली? बोटांत फट होती. फट असली म्हणजे अजून दोन हवी असतात. खरंच नको असलं न, तर बोटं अशी जुळून येतात. मग कितीही आग्रह करा, काही फायदा नाही."

मला हे पहिल्यांदाच माहीत पडलं. आणि त्यातून मी जगातला पहिला आग्रहाचा खेळ करायला घेतला.

खेळ असा होता. पडद्यावर सहा पाहुणे पंगतीत बसलेले. तुम्ही वाढपी, हातात जिलबी. प्रत्येक पाहुण्यापुढे थांबलात की तो पानावर हात धरून रोमन अक्षरांत 'नको नको' म्हणणार. तुम्ही त्याचे डोळे, खांदे आणि बोटं पाहून ओळखायचं की हा नको खरा की रीतीचा. खरा असेल तर पुढे जायचं, रीतीचा असेल तर आग्रह करायचा, आणि तोही किती वेळा, हे माणसामाणसावर. सगळी चित्रं वहिनीची. आलेखाच्या कागदावर ती एकेक चौकोन भरायची आणि मी त्याचे आकडे करून मशीनमध्ये घालायचो. नुसत्या पंज्याच्या तिने अकरा तऱ्हा काढल्या होत्या. आजही मी म्हणेन की त्या काळात एवढ्या लहान चौकोनांत इतकं खरं 'नको' कुणी काढलं नसेल.

आणि या खेळात स्कोर नव्हता. हे माझं मोठं योगदान. पाहुण्याच्या पानातल्या जिलब्या मोजायच्या नसतात असे आपले संस्कार, तर मग खेळात आकडे कसे येतील? पंगत संपली की पडद्यावर 'सगळे जेवून गेले' एवढंच यायचं, तुम्ही चांगलं वाढा की वाईट. कुणाला दुखावलं असेल तर ते तुम्हाला तेव्हा कळणारच नाही. पुढच्या पंगतीला तो माणूस येणार नाही, त्याचं पान रिकामं दिसेल, आणि मग तुम्ही विचार करत बसाल की आपलं काय चुकलं. हे मला इतकं खोल वाटत होतं की ते सुचलं त्या दिवशी मी शिप्रेवर जाऊन राम घाटावर एकटाच बसलो होतो. एका पंड्याने मला श्राद्धाचं गिऱ्हाईक समजून नाव-गोत्र विचारलं, तेव्हा उठलो.

त्याच सुमारास सरांनी रंगीत प्रिंटर आणायचं ठरवलं. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, सगळं आता कॉम्प्युटरवर काढायचं. त्यासाठी त्यांना चित्रं काढणारं माणूस हवं होतं. वहिनीने ते ऐकलं आणि त्याच दिवशी मला सांगितलं की ही नोकरी तिला हवी आहे. मी म्हटलं, घरात काही कमी आहे का? ती म्हणाली, "कमी काही नाही हो. मी दिवसभर काम करते, पण कुणी विचारलं काय करता, तर मीच सांगते, काही नाही. ते मला बंद करायचं आहे."

मी सरांना आमचा खेळ दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो पाहिला आणि धंद्याचा निर्णय दिला. "गणपती के दस दिन एक मशीन पर लगा लो। बच्चे बैठे तो समझूँगा मैडम की ड्राइंग लोगों को जमती है, मैडम को रख लूँगा। नहीं बैठे तो इन्दौर से आदमी बुला लूँगा।" म्हणजे वहिनीची नोकरी माझ्या खेळाला बांधली गेली. वहिनीने हे ऐकून दोन्ही हात जोडले, देवाला की सरांना ते कळलं नाही. मी मात्र मनात म्हटलं, आता उज्जैनला कळेल.

उज्जैनला कळलं नाही. पहिल्या दिवशी एक कॉलेजचा मुलगा बसला. पाच मिनिटं जिलबी घेऊन इकडून तिकडे फिरला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भैया, इसमें मरता कौन है?"

"मरता कोई नहीं," मी म्हणालो. "लोग नाराज़ होते हैं।"

"तो नाराज़ होके क्या करते हैं?"

"कुछ नहीं। अगली बार आते नहीं।"

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि उरलेला वेळ मोटारीच्या मशीनवर लावून द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ आले, त्यांना रिकामं पान दिसलं आणि त्यांनी ओरडून सरांना सांगितलं की मशीन हँग झालं. तिसऱ्या दिवशी कुणीच बसलं नाही. शेवटी सर स्वतःच वारा घ्यायला त्या खुर्चीत बसले, कारण पंखा तिच्या डोक्यावर होता.

चौथ्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात पोहे निवडत होती. मी पाणी प्यायला गेलो तर म्हणाली, "भाऊजी, स्कोर टाका."

मी ग्लास खाली ठेवला आणि भाषण केलं. सूक्ष्म तरंग आले, संस्कार आले, बाजारू वृत्ती आली. ज्याला आकड्याची लाच द्यावी लागते तो रसिकच नव्हे, असंही एक वाक्य आलं. शेवटी मी माझा हुकमी पत्ता टाकला. "वहिनी, पाहुण्याच्या पानातल्या जिलब्या कुणी मोजतं का?"

"पाहुण्यासमोर नाही मोजत," ती म्हणाली. "पण किती गेल्या, किती राहिल्या, कुणी किती घेतल्या, आतल्या बाईला सगळं माहीत असतं. तुम्ही फक्त वाढलंय. आत कधी बसला नाहीत."

यावर मी म्हणालो की तुम्हाला प्रोग्रामिंगमधलं कळत नाही. ती "बरं, राहू द्या" म्हणाली आणि पोहे निवडायला लागली. मी विजयी होऊन बाहेर आलो.

सहाव्या दिवशी सरांनी मला फ्लॉपी आणि रिबनी आणायला इन्दौरला पाठवलं. मी देवास गेटवरून सकाळची बस धरली आणि तिथेच मावशीकडे राहून दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. जिना चढतानाच गोंगाट ऐकू आला. वर पाहतो तर आमच्या मशीनभोवती ही गर्दी! मोटारी रिकाम्या, विमानं रिकामी, आणि आमच्या पंगतीपुढे नऊ-दहा मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघताहेत. "उँगली देख, उँगली देख! खुली है, डाल!" असं एकजण ओरडत होता.

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, खरंच आले. एका मुलाचे वडील त्याला न्यायला आले होते, त्यांना मी बाजूला घेतलं आणि समजावलं की चांगल्या कलेला वेळ द्यावा लागतो, रसिक हळूहळू घडतो, मी धीर धरला म्हणून आज हे दिसतंय. ते गृहस्थ नम्रपणे ऐकत होते. बोलता बोलता माझी नजर पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे आकडा होता.

फट ओळखून वाढलं की दहा. नको खरा असताना वाढलं की वीस वजा, आणि पाहुण्याला उचकी. पाहुणा तृप्त झाला की ढेकर देऊन पन्नास. पंगत संपल्यावर 'सगळे जेवून गेले'च्या खाली, आज कुणी सगळ्यांत जास्त तृप्त केलं त्याचं नाव. हे कुणी केलं असेल हे मला विचारायची गरज नव्हती. आदल्या दिवशी एक ते दोन मी नव्हतो, आणि माझं मशीन होतं.

त्यानंतर मी जे केलं ते मला आजही सांगवत नाही, पण सांगतो. मी "मशीन खराब है, हटो" म्हणून मुलांना उठवलं, बॅगेतून माझी फ्लॉपी काढली आणि जुना, शुद्ध, बिनआकड्यांचा खेळ नव्यावर चढवला. मशीनने विचारलं, मशीनमधला पुसू का? मी हो म्हणालो. माझ्या माहितीप्रमाणे वहिनीचं काम एवढ्या एकाच जागी होतं, आणि तरी मी हो म्हणालो.

पोरं दोन मिनिटांत पांगली. सर खालून चहा पिऊन आले. "अरे, कल वाला कहाँ गया? भाई, आपने तो कमाल कर दिया था! मैं तो समझा था आपसे नहीं होगा।" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी ते मी केलं नाही असं म्हणालो नाही. हेही म्हणालो नाही की ते मी पुसलं. "शाम तक वापस लगा दो," ते म्हणाले. मी म्हणालो, "जी।"

घरी आलो तेव्हा वहिनी गणपतीपुढची फुलं बदलत होती. मला पाहताच तिचा चेहरा फुलला. "पाहिलं का? सरांनी काय सांगितलं?"

मी एका दमात सांगून टाकलं. पुसलं, रागाने पुसलं, आणि सरांना वाटतंय ते मीच केलं होतं, आणि मी गप्प बसलो. वहिनीच्या हातातली फुलं तशीच राहिली. ती रडेल असं मला वाटलं, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. फुलं गणपतीपुढे ठेवून ती म्हणाली, "वहीत आहे सगळं. तुम्हीच तर सांगता, आधी वहीत लिहा."

"द्या, मी आत्ता जाऊन घालतो."

"नाही. मीच येते."

"वहिनी, पार्लरची वेळ आहे. सगळी पोरं असतील."

"असू देत न. मी काय त्यांना खाऊ?"

ती वही घेऊन निघाली. पार्लरच्या दारात तिने चपला काढल्या, मशीनपुढे बसली आणि एका बोटाने एकेक अक्षर टाकायला लागली. पोरं हळूहळू गोळा झाली. सरांनी मला विचारलं, "मैडम क्या कर रही हैं?"

मी म्हणालो, "गेम इनका है सर। कल वाला इन्होंने बनाया था। मैंने मिटा दिया था।" एवढी तीन वाक्यं म्हणायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. सरांना आश्चर्य वाटलं नाही. ते नुसतं "अच्छा, तभी," म्हणाले, आणि त्या 'तभी'ने मला सगळ्यांत जास्त लागलं.

खेळ चालू झाल्यावर पहिली पंगत सरांनीच वाढली. त्यांना मजा आली. दुसरीही वाढली. मग त्यांच्यातला सायकलवाला जागा झाला. "मैडम, फर्स्ट क्लास। बस एक काम कीजिए, ये नको-नको वाला हटा दीजिए। इसमें बच्चा रुक के सोचता है। सीधे जलेबी डालो, पॉइंट लो, अगला आदमी। ये कर दीजिए और सोमवार से कार्ड का काम आपका।"

मी लगेच म्हणालो, "हो जाएगा सर।"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती सरांना म्हणाली, "नहीं सर, वो नहीं हटेगा।"

"क्यों? आप ही ने तो पॉइंट डाले हैं।"

"पॉइंट इसलिए डाले कि बच्चे बैठें और उँगली देखें। उँगली नहीं देखनी तो फिर काहे का गेम? जलेबी तो कोई भी फेंक लेगा।"

सर म्हणाले, सोच लीजिए. वहिनी म्हणाली, सोच लिया. तिने वही मिटली, सरांना नमस्कार केला आणि बाहेर येऊन चपला घातल्या. तिचा पाय चपलेत दोनदा चुकला.

पुढचं सांगून टाकतो. सरांनी तीन दिवस घुश्श्यात काढले. पण पोरं त्याच मशीनवर येऊन बसत राहिली, आणि विसर्जन झाल्यावर त्यांनी वहिनीला निरोप पाठवला. पत्रिकांचं काम तिने बरीच वर्षं केलं. नंतर टावर चौकात तिचं स्वतःचं दुकान झालं. आज फ्रीगंजात तिला ओळखतात, आणि मला तिचा दीर म्हणून ओळखतात. मी बँकेची परीक्षा दिली. मशीनं बदलली तेव्हा तो खेळ गेला, त्याची आठवणसुद्धा आता आम्हा दोघांनाच.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. आम्ही दोघं टावरच्या बाजूने घरी चाललो होतो आणि ती न लपवता रडत होती. समोरून ओळखीची माणसं येत होती, तरी तिने डोळे पुसले नाहीत. मी म्हणालो, "वहिनी, हो म्हणायचं होतं. तुम्हाला नोकरी हवी होती."

"हवीच आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही सव्वा वर्ष या खेळासाठी सगळ्यांशी भांडलात. माझ्याशीसुद्धा. मला वाटलं, सरांना तुम्हीच नाही म्हणाल. मी तुमचीच वाट पाहत होते."